सेफ्टी ऑफिसर व्हायचंय? कोर्सची फी भरण्याआधी हे वाचा

डिप्लोमाचा निकाल लागतो, नोकरी पटकन मिळत नाही, आणि कुणीतरी सांगतं, "सेफ्टीचा कोर्स कर, डिमांड आहे." मुलगा वर्षभर कोर्स करतो, हेल्मेट घातलेला फोटो बायोडाटाला लावतो आणि चाकणला मुलाखतीला जातो. तिथे पहिलाच प्रश्न येतो, "फॅक्टरीत सुपरवायझरी अनुभव किती?" उत्तर शून्य असेल तर हातात डिप्लोमा असूनही कंपनी त्याला कागदोपत्री सेफ्टी ऑफिसर म्हणून नेमू शकत नाही. मग कॉन्ट्रॅक्टरकडे 'सेफ्टी सुपरवायझर' म्हणून लागावं लागतं. काम जवळपास तेच, पगार मात्र वेगळा.

चूक कोर्सची नसते, क्रमाची असते. आधी शॉपफ्लोर (कारखान्यातलं प्रत्यक्ष काम), मग कोर्स, मग पद.

कायदा काय मागतो

या पदाचा पगार बाजारापेक्षा कायदा जास्त ठरवतो, म्हणून सुरुवात तिथूनच. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४०-ब प्रमाणे १००० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर नेमणं बंधनकारक होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० ने ही मर्यादा खाली आणली. आता ती साध्या कारखान्यात ५०० कामगार, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५०, बांधकामावर २५० आणि खाणीत १०० अशी आहे. तीन-चारशे कामगारांचे रासायनिक कारखाने आधी साधारणपणे सरकारनं खास आदेश काढला तरच या कक्षेत यायचे. आता ते थेट आले. तळोजा, महाड, लोटे, तारापूर या पट्ट्यांत नोकरी शोधणाऱ्यानं हा २५० चा आकडा पाठच करावा.

पात्रतेसाठी महाराष्ट्रात १९८२ चे सेफ्टी ऑफिसर नियम प्रमाण मानले जातात. त्यांची चौकट अशी: इंजिनिअरिंगची पदवी आणि कारखान्यात किमान २ वर्षांचा सुपरवायझरी अनुभव, किंवा इंजिनिअरिंग डिप्लोमा अथवा भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राची पदवी आणि ५ वर्षांचा तसाच अनुभव. यावर राज्य सरकारनं मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदविका किंवा पदवी. आणि बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात तिचं पुरेसं ज्ञान. ही शेवटची अट मराठी मुलांनी बायोडाटात खुशाल ठळक लिहावी. ती अवांतर माहिती नाही, पात्रतेचा भाग आहे. संहितेखालच्या नियमांनी तपशील बदलू शकतो, म्हणून अर्ज करताना त्या दिवशी लागू असलेला नियम काढून वाचा.

पहिली पायरी: अनुभव मिळवा आणि तो कागदावर आणा

पहिली नोकरी सेफ्टी खात्यात नाही मिळाली तर उत्तमच. प्रॉडक्शन किंवा मेंटेनन्समध्ये शिरा. त्यातही मेंटेनन्स सरस, कारण वेल्डिंगचं हॉट वर्क परमिट (ठिणगी-आगीच्या कामाची लेखी परवानगी), टाकीत उतरणं, मेन स्विचला कुलूप-टॅग लावणं, उंचीवरचं काम हे सगळं त्याच खात्यातून जातं. प्रॉडक्शनवाला मशीन चालू असताना पाहतो, मेंटेनन्सवाला उघडलेलं पाहतो. आणि गंभीर अपघात बरेचदा मशीन उघडलेलं असतानाच होतात.

नोकरी सोडताना अनुभवपत्राकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. एचआर छापील साच्यातलं पत्र देतं: "अमुक यांनी तमुक काळात आमच्याकडे काम केले." हे पत्र पुढे उपयोगी पडत नाही. लेटरहेडवर हुद्दा, खातं, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हाताखाली किती माणसं होती, कामाचं स्वरूप सुपरवायझरी होतं हे स्पष्ट शब्दांत आणि कारखान्याचा परवाना क्रमांक एवढं लिहून घ्या. सही फॅक्टरी मॅनेजरची असेल तर फारच छान. अप्रेंटिसशिपचा काळ सुपरवायझरी धरला जात नाही, ट्रेनी म्हणून घालवलेल्या वर्षावरही हरकत येऊ शकते. कॉन्ट्रॅक्टरच्या पटावर असाल तर मूळ कंपनीच्या खातेप्रमुखाची प्रतिस्वाक्षरी मागा. पीएफच्या यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) नोंदीतल्या तारखा पत्राशी जुळतात का तेही पाहा. पडताळणीत पहिली खोट तिथेच सापडते.

बांधकाम साइटवरचा अनुभव वाया जात नाही, पण नियमात शब्द 'कारखाना' असा आहे. पाच वर्षं मेट्रोच्या साइटवर काढून मग फॅक्टरीत पद मागायला गेलात तर तो अनुभव धरला जाईलच असं गृहीत धरू नका.

आयईकडून येणाऱ्यांसाठी

इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, म्हणजे कारखान्याच्या भाषेत 'आयई', हा सेफ्टीकडे येण्याचा कमी वापरला जाणारा पण पक्का रस्ता. काम स्टॉपवॉच घेऊन कामाचा वेळ मोजण्याचं, लाइन बॅलन्सिंगचं, लेआउटचं. मुंबईतली नायटी ही संस्था १९६३ पासून या विषयासाठी ओळखली गेली. २०२३ मध्ये ती आयआयएम मुंबई झाली.

आयईचं गणित सेफ्टीवाल्याला का यायला हवं, ते एका प्रेसवर बघू. ऑपरेटरला एका नगाला ४० सेकंद लागताना दिसले, त्याचा वेग सरासरीपेक्षा चांगला म्हणून रेटिंग ११० टक्के दिलं. नॉर्मल टाइम झाला ४४ सेकंद. थकवा, पाणी पिणं वगैरेची १५ टक्के सूट धरली की स्टँडर्ड टाइम ५०.६ सेकंद. आता शिफ्ट ४८० मिनिटांची, जेवणाची ३० आणि चहाची १०-१० मिनिटं वजा जाता उरली ४३०, म्हणजे २५,८०० सेकंद. टार्गेट ५०० नग. एका नगाला मिळाले ५१.६ सेकंद. हातात मोकळा वेळ उरला एक सेकंद.

या प्रेसला कुणीतरी इंटरलॉक (गार्ड उघडं असताना मशीन चालू न देणारा स्विच) असलेलं गार्ड बसवलं. ते उघड-बंद करायला दोन सेकंद लागतात. नगामागे वेळ झाला ५२.६ सेकंद आणि शिफ्टचे नग झाले ४९०. दहा नग कमी पडले की संध्याकाळी सुपरवायझर ओरडतो, आणि आठवडाभरात त्या इंटरलॉकच्या स्विचला तार बांधलेली दिसते. सेफ्टी ऑफिसर रिपोर्ट लिहितो: "ऑपरेटरने गार्ड बायपास केले, समज दिली." समज देऊन दोन सेकंद परत येत नाहीत. कच्च्या मालाची पेटी कमरेच्या उंचीवर, हाताच्या टप्प्यात आणली तर वाकण्याचे तेवढे सेकंद वाचतात आणि तार आपोआप सुटते. हे गणित मांडता येणारा माणूस प्रॉडक्शनच्या मीटिंगमध्ये ऐकला जातो. पगारवाढ मागताना दाखवण्यासारखं कामही हेच, नुसती पोस्टर स्पर्धा नव्हे.

दुसरी पायरी: कोर्स निवडणं

महाराष्ट्रात दोन नावं नीट माहीत हवीत. एक, महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी, म्हणजे 'एडीआयएस'. एक वर्षाचा, मंडळाची मान्यता असलेल्या संस्थांत चालतो. दुसरं, मुंबईत शीवला असलेल्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचा डिप्लोमा. ही संस्था केंद्र सरकारच्या डीजीफासली या यंत्रणेचा भाग आहे आणि तिथल्या डिप्लोमाला कंपन्यांत वजन आहे.

फी भरण्याआधी तीन गोष्टी तपासा. संस्थेचा कोड आणि यंदाच्या वर्षाची मान्यता मंडळाच्या यादीत आहे का. प्रमाणपत्रावर मंडळाचं नाव येणार की एखाद्या खाजगी 'कौन्सिल'चं. आणि प्रवेशासाठी अनुभव मागतात का. मान्यताप्राप्त कोर्सला शिक्षणासोबत अनुभवाची अट असते, म्हणून "बारावी पास चालेल, अनुभव नको, तीन महिन्यांत डिप्लोमा" अशी जाहिरात दिसली की सरळ पुढे चला. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाचा घरबसल्या डिप्लोमा घ्यायचा मोह होत असेल तर आधी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तुमच्या विभागातल्या कार्यालयात, म्हणजे सगळे म्हणतात त्या 'डिश'मध्ये, जाऊन तो महाराष्ट्रात धरतात का हे लेखी विचारा. गोव्यात नोकरी करायची असेल तर तिथलं खातं वेगळं, कारखाने व बाष्पके निरीक्षणालय.

नेबॉशबद्दल गैरसमज फार. नेबॉश ही १९७९ पासूनची ब्रिटिश परीक्षा संस्था. तिचं इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेट आखातात आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांत चालतं, अभ्यासक्रमही चांगला आहे. पण ते राज्य सरकारनं मान्य केलेल्या पदविकेची जागा घेत नाही. इथे पद हवं असेल तर एडीआयएस आधी, नेबॉश नंतर. बाहेर जायचं ठरलेलंच असेल तर क्रम बदला.

तिसरी पायरी: मुलाखतीत आणि राउंडवर काय यायला हवं

"पीपीई (हेल्मेट, हातमोजे अशी संरक्षक साधनं) म्हणजे काय" या प्रश्नाच्या तयारीत वेळ घालवू नका. चांगला मुलाखत घेणारा थेट शॉपवर नेतो आणि विचारतो, "इथे काय चुकलंय?"

बेंच ग्राइंडर दिसला की चार गोष्टी पाहायच्या. वर्क रेस्ट (जॉब टेकवायची पट्टी) आणि चाकातलं अंतर ३ मिमीच्या आत आहे का; वाढलं तर जॉब त्या फटीत खेचला जातो आणि चाक फुटतं. वरच्या टंग गार्डचं (तुकडे अडवणाऱ्या पट्टीचं) चाकापासूनचं अंतर ६ मिमीच्या आत. चाकावर छापलेला आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त हवा. आणि नवीन चाक बसवण्याआधी लाकडी मुठीनं हलकं ठोकून आवाज ऐकला जातो का ते विचारायचं. खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत तडा.

टाकीत उतरण्याच्या परमिटवर गॅस टेस्टचे आकडे कोणत्या क्रमानं घ्यायचे, हा आवडता प्रश्न. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. कारण ज्वलनशील वायू मोजणारा नेहमीचा सेन्सर आत तो वायू जाळून मोजतो, त्यालाच ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन कमी असेल तर ज्वलनशील वायूचा (एलईएलचा) आकडा शून्याजवळ दिसून फसवतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली तर प्रवेश नाही; २३.५ च्या वर गेला तरी नाही, कारण कपडेसुद्धा भडकतात. हायड्रोजन सल्फाइडची आठ तासांची मर्यादा १० पीपीएम. माप वर, मध्ये आणि तळाशी, तीन ठिकाणी घ्या: मिथेन वर जमतो, हायड्रोजन सल्फाइड तळाशी. झाकणापाशी मीटर धरून "ओके" लिहिणं हा या कामातला सगळ्यात जीवघेणा शॉर्टकट.

उंचीवर काम करताना अंगात घालायच्या पट्ट्यांचं, म्हणजे हार्नेसचं गणित बहुतेकांना येत नाही. १.८ मीटरचा लॅनयार्ड (हार्नेस हुकाला जोडणारा दोर), त्याचा शॉक ॲब्सॉर्बर (झटका शोषणारा भाग) उघडून १.७५ मीटरपर्यंत लांबतो, पाठीच्या डी-रिंगपासून पावलांपर्यंत साधारण १.५ मीटर, खाली सुरक्षित अंतर १ मीटर. बेरीज सहा मीटरच्या वर. हुक जिथे अडकवला त्या बिंदूखाली एवढी मोकळी जागा नसेल तर हार्नेस घालूनही माणूस जमिनीवर आपटणारच. चार मीटर उंचीच्या परांचीवर सगळ्यांनी हार्नेस घातलेत म्हणून फोटो काढला जातो, तेव्हा हे आठवा. तिथे उपाय म्हणजे रेलिंग, आखूड लॅनयार्ड किंवा दोर आपोआप मागे ओढून घेणारा ब्लॉक.

आकडेवारीत एलटीआयएफआर विचारतात, म्हणजे दर १० लाख मनुष्यतासांमागे लॉस्ट टाइम इजा (ज्यांत कामाचा वेळ बुडतो) किती. ४०० कामगार, ८ तास, ३०० दिवस म्हणजे ९,६०,००० मनुष्यतास. वर्षात दोन लॉस्ट टाइम इजा झाल्या तर २ गुणिले १० लाख भागिले ९,६०,०००, उत्तर २.०८. अमेरिकन पद्धतीत १० लाखांऐवजी २ लाख घेतात, तेव्हा त्याच दोन इजांचा आकडा ०.४२ होतो. कुणी आपला दर फार चांगला असल्याचं सांगितलं की आधी पाया कोणता ते विचारा.

चौथी पायरी: ऑफर लेटर वाचणं

समजा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ४,८०,००० लिहिलाय. मुलगा घरी सांगतो, महिना चाळीस हजार. आता हिशोब. बेसिक निम्मं, २०,०००. कंपनीचा पीएफ १२ टक्के, २,४००, तो सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, ९६२, तीही त्यातच. ग्रॉस उरला ३६,६३८. त्यातून तुमचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात ३४,०३८. सीटीसीपैकी १० टक्के 'व्हेरिएबल' असेल तर महिन्याचे आणखी ४,००० गेले, ते वर्षाअखेर मिळाले तर मिळाले. दरमहा हातात ३०,०३८. मेडिक्लेमचा हप्ता आणि बसचे पैसे कापत असतील तर आणखी खाली. काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० कापतात; हातात थोडे जास्त येतात, साठतात कमी. सुरुवातीचा पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) ०.७५ टक्केही जातील.

आकड्याइतकाच हुद्दा महत्त्वाचा. १९८२ च्या नियमांची रचना अशी की एकच सेफ्टी ऑफिसर असेल तर त्याला वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा द्यायचा, त्यानं थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करायचं, आणि पगार-भत्ते त्याच दर्जाच्या इतर अधिकाऱ्यांइतके ठेवायचे. म्हणून ऑफर हातात आल्यावर विचारायचे प्रश्न हे: माझा ग्रेड कोणता, त्याच ग्रेडमधल्या प्रॉडक्शन इंजिनिअरला काय मिळतं, मी रिपोर्ट कुणाला करणार, आणि माझी नेमणूक डिशला कळवणार का. "एचआर मॅनेजरला रिपोर्ट करा" आणि "सध्या कळवत नाही, नंतर बघू" अशी उत्तरं आली तर तुम्ही सेफ्टी ऑफिसर नाही, सेफ्टी ऑफिसरचं काम करणारे स्वस्तातले कर्मचारी आहात. अशा ठिकाणी कँटीन, गेट, बस, झाडलोट ही कामंही गळ्यात पडतात. मूळ कामाला बाधा आणणारं दुसरं काम सेफ्टी ऑफिसरला देऊ नये, हेही नियमांतच आहे. भांडायला नाही, पण रुजू होण्याआधी बोलून घ्यायला ते कामी येतं.

परमिटवर 'इश्युअर' म्हणून सही करू नका. परमिट देणारा त्या एरियाचा मालक, म्हणजे प्लँटचा इंजिनिअर. तुमचं काम सल्ला देणं, तपासणं, गरज पडली तर थांबवणं. शटडाउनच्या गडबडीत "तुम्हीच करा हो सही" म्हणणारे भेटतात, आणि अपघातानंतर फाइल उघडली की ती सही बोलते.

सरकारी इन्स्पेक्टर व्हायचं असेल तर

डिशमधली अधिकारी पदं एमपीएससीमार्फत भरली जातात. जाहिराती दरवर्षी येतीलच असं नाही, तेव्हा नोकरी सोडून नुसतं वाट पाहणं परवडत नाही. जाहिरातीत वेतनस्तराचा क्रमांक वाचा: राज्याच्या एस-२० स्तराचं मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं, केंद्राच्या लेव्हल १० चंही तिथूनच, महागाई भत्ता आणि घरभाडं त्यावर वेगळं. संहितेत या पदाचं नाव 'इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर' झालं आहे आणि कोणत्या कारखान्याची तपासणी करायची ते संगणकानं ठरवण्याची तरतूद आहे.

सरकारी खात्याबाहेरही तपासणीचं काम आहे. लिफ्ट-हॉइस्टची दर सहा महिन्यांनी, क्रेन-साखळ्या-दोरांची दर बारा महिन्यांनी तपासणी 'सक्षम व्यक्ती'कडूनच करून घ्यावी लागते. ही मान्यता डिश देतं. त्यासाठी पदवी, अनुभव आणि तपासणीची साधनं दाखवावी लागतात. तिथे पगार नसतो, प्रत्येक तपासणीची फी असते. दहा-पंधरा वर्षांच्या अनुभवानंतर अनेक जण या बाजूला वळतात.

आखातात जायचं असेल तर

तिथे क्लायंटची, म्हणजे ज्या कंपनीचं काम आहे तिची, मंजुरी मोठी. सौदीतल्या अरॅम्को या तेल कंपनीच्या कामावर कॉन्ट्रॅक्टरनं निवडलं तरी तुमचा बायोडाटा क्लायंटकडून मंजूर व्हावा लागतो, आणि तिथे अनुभवपत्रांची छाननी होते. वाढवून लिहिलेली वर्षं तिथे पकडली जातात.

करारात एकूण पगारापेक्षा बेसिक पाहा. अमिरातीत किमान एक वर्ष भरल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांच्या बेसिकइतकी, सौदीत पहिली पाच वर्षं दर वर्षामागे अर्ध्या महिन्याच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी मिळते; बेसिक बारीक ठेवून भत्ते फुगवले असतील तर अमिरातीत ही रक्कम आटते. राहणं, जेवण, जाण्या-येण्याचं तिकीट आणि ओव्हरटाइमचा दर लेखी हवा. दहावी पास असल्यानं बहुतेकांचा पासपोर्ट ईसीएनआर (परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी न लागणारा) असतो, पण एजंट तरी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते तपासा. उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये सेवाशुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, तेही पावती देऊन. 'व्हिसाचे' म्हणून लाख-दीड लाख रोख मागणारा भेटला तर पासपोर्टची मूळ प्रत त्याच्या टेबलावर ठेवू नका.